समोरनं ये रं

कल्लाप्पा अण्णा कुजबुजले तरी येळ्ळूरच्या गडावरची वटवाघळं उडायची. वाढवून सांगतोय असं वाटत असेल तर वडगावात आमच्या गल्लीत येऊन कुणालाही विचारा. लोक सांगतील, "वटवाघळं न्हवती, बगळे होते." फरक काय तो एवढाच.

अण्णांनी आयुष्यभर यंत्रमागावर साड्या विणल्या. घराच्या पुढच्या खोलीत दोन माग, मागच्या अंगाला स्वयंपाकघर, आणि दोन्हींच्या मधे एक भिंत. माग सुरू झाले की शेजारी आमच्या घरात कपातल्या चहाला लाटा यायच्या. माझी बायको ताकाचं भांडं त्या भिंतीला नुसतं टेकवून ठेवायची, तासाभरात लोणी वर. मी मूळचा उचगावचा, घरी शेती. मराठी-कन्नड दोन्ही बोलणाऱ्या या शहरात नोकरी लागली म्हणून वडगावात घर केलं. पहिला महिनाभर मी झोपेत "मोटर बंद करा रं" म्हणून ओरडायचो. पुढं सवय झाली, ती इतकी की सुट्टीच्या दिवशी माग थांबले की दचकून जाग यायची.

मागवाल्यांच्या गल्लीत बोलणं तोंडानं कमी आणि हातानं जास्त. त्या खटाक-खटाकमधे कोण कुणाचं ऐकणार? अंगठा ओठाला लावला की चहा. दोन बोटं जुळवून फाकवली की धागा तुटला. आणि तळवा उघडा करून बाजूला दोनदा जोरात झटकला की, धोटा सुटलाय, हो बाजूला! मागावरचा धोटा, म्हणजे आडवा धागा ओढत पळणारा तो टोकदार लाकडी ठोकळा, सुटला की बंदुकीच्या गोळीसारखा येतो. अण्णांचा एक धोटा खिडकीतून उडाला तो खडेबाजारात एका गिऱ्हाइकाच्या पिशवीत सापडला, असं मी सांगत असतो. खरं म्हणजे तो आमच्या न्हाणीत सापडला होता. पण न्हाणीत सापडलेल्या धोट्याची गोष्ट कोण ऐकेल?

अण्णांची दोन वैशिष्ट्यं गल्लीला पाठ होती. एक म्हणजे आवाज. दुसरं, पाठीमागून हाक मारली तर ते कधी वळायचे नाहीत. तुम्ही घसा फुटेस्तोवर ओरडा, अण्णा आपले चाललेत. धावत जाऊन पुढं उभं राहिलं की मग थांबायचे आणि म्हणायचे, "काय आसंल ते समोरनं ये रं. माणसानं समोरनं यावं." गल्लीनं निकाल देऊन टाकला होता की माणूस मानी आहे. जरीची साडी विणणारा, असणारच.

त्यांची बायको, शांताक्का, मात्र त्यांना कधीच हाक मारायची नाही. काही सांगायचं झालं तर चार पावलं पुढं जाऊन त्यांच्यासमोर उभी राहायची. आम्ही म्हणायचो, जुन्या वळणाची बाई, नवऱ्याचं नाव घेत नाही. माझ्या बायकोलाही मी दोन-चार वेळा शांताक्काचा दाखला दिला. त्याचा परिणाम काय झाला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शांताक्का गेली ती सगळ्या जगानं तोंडाला मास्क लावला त्याच्या थोडी आधी. तीन दिवसांचा ताप, बस्स. मुलगा महेश पुण्याला नोकरीला. तो आला, दिवसकार्य झालं, आणि पाठोपाठ ते मास्कचे दिवस सुरू झाले. त्या दिवसांत अण्णा पार बिघडले. मी दारातून विचारायचो, "अण्णा, जेवलासा काय?" ते म्हणायचे, "व्हय, पंधरा दिस झाले." दुकानदारानं विचारलं साखर किती, तर म्हणायचे महेश बराय. पुढं पुढं उत्तर देणंच बंद केलं. गल्ली हळहळली. म्हातारा दुःखानं भ्रमिष्ट झाला म्हणाली. मास्क उतरले तसे अण्णा पुन्हा बऱ्यापैकी सरळ बोलायला लागले. तेव्हा आम्ही म्हणालो, बघा, काळ हेच औषध.

किती शहाणी माणसं होतो आम्ही!

महेशनं दोन्ही माग विकायला लावले. एकट्या माणसानं आता कशाला राबायचं, त्याचंही बरोबर होतं. माग गेले त्या दिवशी अण्णा मोकळ्या खोलीत अनवाणी उभे होते. मला म्हणाले, "पायाला काय लागंना झालंय बघ." मला वाटलं मुंग्या आल्या असतील. मी त्यांना तळव्याला खोबरेल चोळायला सांगितलं.

आणि दुसऱ्या दिवसापासून अण्णा पळायला लागले.

आता पळायला लागले म्हणजे काय, एक पाय उचलल्यावर दुसरा टेकायच्या आत मधे थोडी हवा जायची, एवढ्यापुरतंच ते पळणं. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, खाली खाकी अर्धी चड्डी, डोक्याला शांताक्काच्या जुन्या साडीचा काठ बांधलेला. पहाट फुटायला वडगावच्या कोपऱ्यावरून निघायचे, भातशेतांच्या मधून येळ्ळूरच्या रस्त्यानं गावाच्या कमानीपर्यंत जायचे आणि परत. सुरुवातीला एक गोगलगाय त्यांना मागं टाकून गेली असं लोक म्हणतात. तेवढं खोटं आहे. ती त्यांच्या बरोबरीनं होती.

पण त्यांच्या गतीचं कुणाला काही नव्हतं. भांडण होतं ते जागेचं. अण्णा पळायचे रस्त्यावरून. डांबरावरून. आणि तेही उजव्या कडेनं, येणाऱ्या गाड्यांच्या तोंडावर.

आम्हा आठ जणांचा तेव्हा सायकलींचा गट होता. आठांची पोटं मिळून एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मावली नसती, पण अंगात सगळ्यांच्या घट्ट रंगीत कपडे आणि खाली गिअरच्या सायकली. रविवारी येळ्ळूर रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर आमची सभा भरायची आणि तिथं देशाचा एकच प्रश्न चर्चेला असायचा, कुणी कुठून जायचं. बँकेतले एक मॅनेजर आमचे पुढारी. त्यांचं म्हणणं, सायकल हे वाहन आहे, त्याची जागा रस्त्यावर. पळणारा हा पादचारी, त्यानं फुटपाथवर चढावं. मधे मधे येऊन आम्हाला ब्रेक मारायला लावू नये.

एका रविवारी अण्णा नेमके टपरीवर सापडले. मॅनेजर मुद्दाम त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले.

"अण्णा, फुटपाथ कशाला बांधलाय?"

"नारळ ठेवायला," अण्णा म्हणाले. टपरीवरच्या बरण्या थरथरल्या.

"चेष्टा नको. उद्या एखाद्यानं उडवलं म्हणजे?"

"उडवणार न्हाय. बगतोय की मला. मीबी बगतोय त्याला. दोघं एकमेकास्नी बगाय लागल्यावर कोण कुणाला उडवतंय? पाठीमागनं येणारा मारतो वो. समोरचा मारत न्हाय."

"आणि आम्ही सायकलवाल्यांनी काय करायचं?"

अण्णांनी आमच्या आठांच्या आठ पोटांवरून नजर फिरवली. "तुमी आदी चहात साखर कमी करा," म्हणाले, आणि उठून कडेकडेनं पळत गेले. मॅनेजरनी पाठीमागून जे काही म्हटलं त्याला अण्णांनी वळूनसुद्धा उत्तर दिलं नाही. "बघा किती घमेंड," मॅनेजर म्हणाले. मीही मान डोलावली. शेजारी असून डोलावली.

फुटपाथच्या बाबतीत मात्र अण्णांचं खरं होतं. एकदा कोपऱ्यावर एका तरुण पोलिसानं त्यांना समोरून हात करून थांबवलं. "यजमान्रे, फुटपाथ म्याले होग्री," म्हणाला, म्हणजे मालक, फुटपाथवरून जा. अण्णा कन्नडातही तेवढ्याच जोरात बोलत. त्यांनी हात जोडले आणि सांगितलं की साहेब, तुम्ही पुढं चाला, मी तुमच्या पावलावर पाऊल टाकत येतो. पोलीस बिचारा भला माणूस. चढला फुटपाथवर. पहिल्या दहा पावलांत विजेचा ट्रान्सफॉर्मर, खाली उतरला. परत चढला तर वड्याचा गाडा. परत उतरला. पुढं नारळाचा ढीग, मग एक फरशी नसलेला खड्डा, मग आडवा लावलेला शुभेच्छांचा बोर्ड. त्यावरच्या पुढाऱ्याच्या हसऱ्या तोंडाखालून वाकून जाताना पोलिसाची टोपी अडकून मागंच राहिली. शंभर पावलांत तो अकरा वेळा चढला आणि बारा वेळा उतरला. हे गणित कसं जमलं ते मला विचारू नका, मी मोजत होतो. शेवटी घाम पुसत तो म्हणाला, "नीवु रोडम्यालेच होग्री." म्हणजे, तुम्ही रस्त्यावरूनच जा. त्या दिवसापासून तो अण्णांना सलाम करायचा. समोरून.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण उसाच्या हंगामात कुणीतरी मोबाईलवर एक चित्रफीत काढली. समोरून उसानं भरलेला ट्रॅक्टर, आणि त्याच्या दिव्यांच्या झोतात हात वर करून हसत पळत येणारा म्हातारा. ती फिरत फिरत पुण्याला महेशच्या फोनवर गेली. त्याच संध्याकाळी त्याचा मला फोन.

"काका, बाबांना रस्त्यावरनं पळू नका म्हणून सांगा. माझ्या फोनला ते हूं का चूं करत नाहीत, नाहीतर काहीतरी भलतंच बोलून ठेवून देतात. तुम्ही शेजारी आहात. परत एकदा असलं काही दिसलं ना, तर घर बंद करून त्यांना मी पुण्याला घेऊन येणार."

मी अण्णांना निरोप सांगितला. समोर बसून सांगितला. तेव्हा पहिल्यांदा मी त्यांचा आवाज बारीक झालेला ऐकला.

"पुण्याला मी काय करू रं? आकराव्या मजल्यावर ऱ्हातोय त्यो. तितनं रस्ता मुंगीएवडा दिसतोय. मला न्हाय जायाचं. तू सांग त्याला, बाबा पळायचे थांबले म्हणून."

मी सांगितलं. माझ्यासारख्या माणसाला असलं सांगायला काय लागतंय! दर रविवारी महेशचा फोन यायचा आणि मी अण्णांना कधी देवळात बसवायचो, कधी भजनात, कधी दारात तांदूळ निवडताना दाखवायचो. एकदा तर मी त्यांना गुडघेदुखी लावली. महेशनं काळजीनं मलम पाठवलं. अण्णांनी ते बुटांना लावलं.

पण खोटं फार दिवस पुरत नाही, तेव्हा मी उपाय शोधला. मला वाटलं होतं, चांगला उपाय आहे. आमच्या भागात नवा ट्रॅक झाला होता. लाल विटांचा, कडेला झाडं, आणि दारात निळा बोर्ड. त्यावर एक पळणारा माणूस आणि एक सायकल, दोघं गुण्यागोविंदानं. गाडीघोडं नाही. मी अण्णांना म्हणालो, "पुण्याला जायचं नसलं तर इथं या. मग मला महेशला खरंच सांगता येईल." ते बराच वेळ त्या बोर्डाकडं बघत राहिले आणि आले.

ट्रॅकवर जमिनीवर पांढरे बाण काढलेले होते. सगळ्यांनी एकाच दिशेनं फिरायचं. पहिल्या दिवशी अण्णा बाणाच्या उलटे निघाले. रखवालदारानं शिट्टी फुंकली. इतकी फुंकली की त्याच्या शिट्टीतला मणी वितळला असेल, पण अण्णा थांबले नाहीत. शेवटी त्यानं पुढं येऊन दोन्ही हात आडवे केले. तेव्हा अण्णा मुकाट्यानं वळले आणि बाणाप्रमाणं जायला लागले.

आठवडाभरानं मी विचारलं, "कसं काय वाटतंय अण्णा?"

"पाठी बगतोय," अण्णा म्हणाले. "गोल फिरतोय आणि लोकांच्या पाठी बगतोय. एक तोंड दिसंना रं. त्येंच्या कानात वायरी हाईत. माज्यासारकीच झाल्यात सगळी."

शेवटचं वाक्य मला कळलं नाही. मी हसलो.

त्याच आठवड्यात एका सकाळी येळ्ळूरचा परशराम गवळी माझ्या दारात मोटारसायकल लावून उभा. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. "त्ये पळणारे अण्णा कुठं गेले वो? आजारी न्हाईत न्हवं? आमी सगळी इचारालाव एकमेकास्नी."

"सगळी म्हणजे कोण?"

"मी, भाजीच्या टेंपोवाला, पहिल्या बसचा डायवर. आमी रोज दोनदा डिपर मारतोय की त्येस्नी. अण्णा आसा अंगठा लावत्यात ओठाला. लई ग्वाड वाटतंय बघा. एकदा बसवाल्यानं नुसताच हॉर्न मारला तर अण्णांनी लक्षच दिलं न्हाय. दोनदा लाइट मारला, का लगीच हात वर."

अंगठा ओठाला म्हणजे चहा. मला वाटलं अण्णा त्यांना चहाला बोलवत असतील. मी परशरामला सांगितलं की अण्णा आता ट्रॅकवर असतात, तिथं सुरक्षित आहेत. त्यानं कॅन ठीक केले. "सुरक्षित व्हय," म्हणाला आणि गेला.

त्यानंतर चार दिवसांनी मी अण्णांना उडवलं.

मीच. ट्रॅक्टरनं नाही, बसनं नाही, टेंपोनं नाही. शेजाऱ्यानं, गिअरच्या सायकलवरून, त्या निळ्या बोर्डाच्या हद्दीत. ट्रॅकवर अण्णा पुढं चालले होते, माझ्याकडं पाठ. मी घंटी वाजवली. परत वाजवली. "अण्णा, डावीकडनं जातोय!" असं ओरडलो. माझा समज, एवढं ऐकल्यावर माणूस उजवीकडं सरकेल. अण्णा नेमके त्याच वेळी एक खचलेली वीट चुकवायला डावीकडं आले. पुढचं मी वाढवून सांगणार नाही. हाताचं मनगट मोडलं, खुब्याला मुका मार लागला. लाल विटांवर पडल्या पडल्या त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता. नुसतं आश्चर्य.

"समोरनं यायला काय झालतं रं तुला?"

दवाखान्यात प्लास्टर घालणारे डॉक्टर वयस्कर होते. अण्णांशी बोलता बोलता ते सहज त्यांच्या पाठीमागं गेले आणि त्यांनी एक जोरात टाळी वाजवली. मी दचकलो. नर्सच्या हातातला ट्रे हलला. अण्णा समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. डॉक्टर पुढं आले आणि त्यांनी सावकाश, ओठ मोठे करून विचारलं, "कधीपासून ऐकू येत नाही?"

"झाली की वीस वर्सं," अण्णा म्हणाले. शेतात पेरणी कधी झाली सांगावं तसं. "मागानं खाल्लं. आधी डावा, मग उजवा."

वीस वर्षं. त्यातली चौदा मी शेजारी. भिंतीला भिंत लावून राहिलेला माणूस, आणि मला पत्ता नाही. मागवाल्यांच्या गल्लीत सगळेच मोठ्यानं बोलणारे, सगळेच तोंडाकडं बघून आणि हात हलवून समजून घेणारे. त्यात एक पार बहिरा आहे हे कुणाला कळणार? मास्कच्या दिवसांत त्या माणसाला जगात एकसुद्धा ओठ दिसत नव्हता, आणि आम्ही म्हणत होतो, दुःखानं भ्रमिष्ट झाला. मागांची थरथर ते तळव्यानं ऐकत होते, आणि माग गेल्यावर मी त्यांना खोबरेल चोळायला सांगितलं होतं.

"कुणाला सांगितलं का नाही, अण्णा?"

"शांताला ठावं होतं." त्यांच्या हिशेबी तेवढ्यात सगळं आलं.

रात्रीच गाडी काढून महेश निघाला तो सकाळी पोचला. त्यानं दारातूनच विचारलं, काय झालं? मी तोंड उघडणार तेवढ्यात अण्णा त्यांच्या त्या आवाजात म्हणाले, "कुत्रं आडवं आलं रं. काळं. वासराएवडं होतं. शेजारी होता म्हणून वाचलो, त्यानं हाकललं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि चांगला हात हळूच खाली दाबला. गप्प बैस. आयुष्यात मी हजार थापा मारल्या असतील. माझ्यासाठी कुणी मारलेली ती पहिली. आणि मी ती घेतली. खरं बोलायची एकच वेळ आली होती, महेशला सांगायची की यात तुझ्या बाबांची काही चूक नाही, रस्त्यावर ते नीट होते, मीच त्यांना तिथून काढलं आणि मीच पाडलं. मी म्हणालो, "हो. वासराएवढं होतं."

महेशनं प्लास्टरच्या हाताखाली उशी सरकवली. मग म्हणाला, "रस्त्यावर गाड्या, ट्रॅकवर कुत्री. ऐकूही येत नाही म्हणतात. काका, मी यांना इथं कुणाच्या भरवशावर ठेवू?"

आणि त्यानं अण्णांची ट्रंक बाहेर ओढली. पुण्याचं ठरलं.

आवराआवरीच्या दिवसांत मी रोज चहा घेऊन जायचो. मोकळ्या मागखोलीत अण्णा खुर्चीवर, प्लास्टरचा हात मांडीवर. एकदा त्यांनी वर बोट केलं. छताला, दोन मागांच्या जागेच्या मधोमध, एक पिवळा बल्ब. "त्याचं बटण आत हाय. चुलीजवळ. जा, दोनदा मार."

मी स्वयंपाकघरात गेलो. चुलीच्या कट्ट्याशी खरंच एक काळं बटण होतं, बोटांनी गुळगुळीत झालेलं. मी दोनदा चालू-बंद केलं. बाहेर येऊन पाहिलं तर अण्णांचा अंगठा ओठाला.

"चहा झाला म्हंजे शांता आसं मारायची. दोनदा. माग चालू आसताना हाकेचं काय काम? कान होते तवाबी आसंच, गेले तवाबी आसंच. तिला कळलं, तरी बोलली न्हाय काय. दोनदा दिवा." त्यांनी चहाचा घोट घेतला. "ती गेल्यावर पैल्यांदा पळाय गेलतो. आंधार होता. समोरनं ती बस आली आणि डायवरनं दोनदा लाइट मारला. मी रस्त्यातच हुबा ऱ्हायलो रं. हात आपोआप वर गेला."

मी त्यांना त्याच वेळी काहीतरी बोलायला हवं होतं. पण माझं तोंड खाली होतं, कपाकडं, आणि तसं बोलून उपयोग नव्हता.

निघायचा दिवस. सकाळी सहाला गाडी दारात. गल्ली जमली होती. कुणी नारळ दिला, कुणी कुंद्याच्या मिठाईचा पुडा दिला, बायकांनी डोळे पुसले. अण्णा पुढं बसले, महेश चालवायला. गाडी सुटली तशी सगळी गल्ली पाठीमागून ओरडली, "अण्णा!" काच खाली होती. अण्णा वळले नाहीत. आता सगळ्यांना कारण माहीत होतं, तरी सगळे ओरडतच राहिले.

मी सायकल काढली. बोळातून, गटार ओलांडून, एका घराच्या रांगोळीवरून, त्या बाईची क्षमा अजून मागायची आहे, आणि गाडीच्या आधी हमरस्त्याला लागलो. पोट घेऊन एवढ्या जोरात मी आयुष्यात सायकल मारली नव्हती. पुढं जाऊन वळलो आणि रस्त्याच्या उलट्या बाजूला, डांबरावर, येणाऱ्या गाडीच्या बरोबर तोंडावर उभा राहिलो. अजून नीट उजाडलं नव्हतं. सायकलचा दिवा मी दोनदा मारला.

गाडी हळू झाली. काचेआड मला अण्णांचं तोंड दिसलं. त्यांनी प्लास्टरचा हात वर केला आणि तळवा बाजूला दोनदा जोरात झटकला. धोटा सुटलाय, हो बाजूला! त्यांचे ओठ हलत होते. जगात सगळ्यात मोठा आवाज असलेला माणूस बोलत होता आणि मला काही ऐकू येत नव्हतं. मी पहिल्यांदाच त्यांच्या ओठांकडं नीट बघितलं आणि वाचलं.

"वर चढ रं. फुटपाथवर. मरशील."

मी सायकल उचलली आणि नारळाच्या ढिगाशेजारी फुटपाथवर चढून उभा राहिलो, तोंड गाडीकडं करून.

तेव्हा गाडीचे पुढचे दिवे दोनदा लागले. अण्णांनी हात लांब करून मारले, की त्याच घरात, त्याच बल्बाखाली वाढलेल्या महेशनं, ते मला कळलं नाही. माझा अंगठा ओठाला गेला. गाडी शेजारून निघून गेली, आणि मग तिची पाठ.